पाताळगंगेवरचं चाक

कारखाना बघायला येणारे लोक शेवटी चहाच्या वेळी हटकून विचारतात, "साहेब, सुरुवात कशी झाली?" मग हे खुर्चीत जरा मागे रेलतात आणि जिद्द, चिकाटी, स्वदेशी असले शब्द काढतात. मी बशीत बिस्किटं मांडत असते. हसू आवरत नाही म्हणून आत निघून जाते. जिद्द होती, नाही असं नाही. पण सुरुवात झाली ती आम्ही सगळ्यांनी मिळून केलेल्या एका गाढवपणातून, आणि तेवढं हे कुणाला सांगत नाहीत. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

लग्न ठरलं तेव्हा हे मुंबईला एका कापडगिरणीच्या यंत्रखात्यात इंजिनियर होते. कायमची नोकरी, घर दहिवलीला, वडील कर्जतच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर. माझ्या वडिलांनी आणखी काही विचारलंच नाही. वर्ष पुरतं झालं नव्हतं तोच यांनी नोकरी सोडली. दुसऱ्याची यंत्रं दुरुस्त करून कंटाळा आला, आता आपली करायची, एवढंच कारण. मी बिऱ्हाड आवरून दहिवलीला आले. गोठ्यातली गाय पडवीत आली आणि गोठ्यात पायानं चालवायचं एक जुनं लेथ आलं. गाय शेवटपर्यंत त्या लेथकडे रागानं बघायची, आणि माझी सहानुभूती गाईला होती.

लढाई नुकतीच संपली होती. नवं लोखंड मिळायचं नाही, पण लष्कराचं भंगार मिळायचं. तेलाची पिंपं, मोटारींचे आस, वाकलेले नळ असं काहीबाही बैलगाडीतून यायचं. शेजारच्या बायका विचारायच्या, तुमच्या यजमानांचं काय चाललंय? मी सांगायची, कारखाना. त्या गोठ्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या आणि भाजीचा विषय काढायच्या.

पहिले शोध माझ्या स्वयंपाकघरावर झाले. नारळ खवायचं यंत्र झालं. हँडल फिरवलं की खोबरं खवलं जायचं खरं, पण ताटात न पडता आढ्याला चिकटायचं. त्या आठवड्यात मुंग्यांनी आमच्या घरात मोठी दिवाळी केली. मग भात उफणायचा पंखा झाला. कोंडा असा उडाला की शेजारच्या घरात चाललेल्या सत्यनारायणाच्या प्रसादात गेला. हे मात्र खूश. "वारा किती बघ," म्हणाले. मी म्हटलं, "वारा बघितला. आता तुम्ही जाऊन शेजाऱ्यांचं तोंड बघा."

मामंजी या सगळ्याला एक शब्द बोलत नसत. मी सासरी यायच्या आधीच सासूबाई वारल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मामंजी शिस्तीचे. त्यांच्या आवाजाची कर्जतला एवढी जरब होती की बाजारात मोठमोठे दुकानदार त्यांना बघून बसल्या जागी सरळ व्हायचे. मुलानं नोकरी सोडली तेव्हा ते रागावले नाहीत. कामाबद्दल विचारायचंच बंद केलं. तुझं काय चाललंय, हा प्रश्न त्या घरातून गेला. मला तो अबोला रागावण्यापेक्षा जड वाटायचा. एक नियम तेवढा पक्का होता: रविवारी दुपारी सगळ्यांनी एका पंक्तीला जेवायचं. हे कुठेही असोत, शनिवारी संध्याकाळी घरी यायचेच. रविवारी अभ्यंगस्नान, जेवण, झोप. हा नियम आम्हाला पुढे चांगलाच नडला.

चाकाची कल्पना यांना होळीच्या सुमारास सुचली. होळीनंतर आमच्याकडे उल्हास नदी डबक्याडबक्यांनी उभी राहते. तिकडे खालापुराकडे पाताळगंगा मात्र भर उन्हाळ्यात वाहत असते. घाटमाथ्यावरच्या तलावाचं पाणी मोठाल्या नळांतून खोपोलीच्या वीजघरात पडतं, वीज तयार होते, आणि काम झालेलं पाणी नदीत सोडून देतात. वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना, आणि पाणी वाहत जायचं काठाकाठानं, पण कुणाच्या शेतात चढायचं नाही. दोन्ही काठ उंच. खाली नदी वाहते आहे आणि वर शेतं फुफाट्यानं भरली आहेत, असं ते दृश्य.

"त्या वाहत्या पाण्यालाच पाणी वर चढवायला लावायचं," हे जेवताना म्हणाले. कढी वाढता वाढता मी ऐकत होते. नदीत मोठं चाक बसवायचं. ओघानं ते फिरेल. चाकाला जोडलेला दांडा पंपाचा दट्ट्या वरखाली करील आणि नळातून पाणी काठावर जाईल. तेल नको, बैल नको, वीज नको. पहिल्यांदाच मला त्यांचं एखादं यंत्र पटलं. नारळ आणि कोंड्यानंतर हे पटणं सोपं नव्हतं.

मामंजींनी हात धुतला आणि कित्येक महिन्यांनी या विषयावर बोलले. "माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या कारखान्यात नकाशे काढायला माणूस हवा आहे. मुंबईला. ते पाडव्यापर्यंत जागा ठेवतील. पाडव्याला तुझं चाक माझ्यासमोर पाणी चढवील, तर नोकरीचं नाव मी पुन्हा काढणार नाही. नाही चढवलं, तर दुसऱ्या दिवशी दोघांनी सामान बांधायचं."

हे म्हणाले, "ठरलं."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. पण मुंबईला त्या नकाशाच्या टेबलाशी हे बसलेले मी डोळ्यांपुढे आणून बघितले आणि मला ते मुळीच आवडलं नाही. गोठ्यातून हातभर काळे होऊन, कसलातरी तुकडा नाचवत "अगं, हे बघ" करत येणारा माणूस मला हवा होता. रोज भांडत का होईना, तोच हवा होता.

पुढचे दिवस घर म्हणजे कारखाना झालं. पिंपं कापून चाकाची पाती केली. दट्ट्याला चामड्याचे वॉशर लागतात आणि चामडं तेलात मुरावं लागतं, म्हणून माझं लोणच्याचं पातेलं गेलं. चामड्याचा वास स्वयंपाकघरातून जाईना. मी उदबत्त्या लावल्या तर हे म्हणाले, "देव आले का कुणी?" मी म्हटलं, "चांभार आलेत. पातेलं सोडायला तयार नाहीत."

पात्यांचा आकार, दांड्याची लांबी यांवर हे माझ्याशी बोलत बसायचे. मला त्यातलं थोडं कळायचं, पण ऐकणारं कुणी समोर असलं की यांना सुचतं, हे मला तेव्हाच कळलं. पुढे कारखान्यात कितीतरी शिकलेली माणसं आली, तरी अवघड काही अडलं की हे अजून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात.

चाकाला जागा दिली ती खालापूरच्या अलीकडच्या एका शेतकऱ्यानं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नदीकाठी त्यांचं शेत होतं, भात कापल्यावर रिकामंच पडलेलं. चाक बैलगाडीतून तुकडे करून नेलं, तिथं जोडलं, आणि हे आठवडाभर काकांच्याच घरी राहिले. बुधवारी पहिल्यांदा फिरवलं. काकांनी नंतर मला सांगितलं, "वैनी, काय सांगू! नळातनं पानी सुटलं ते थेट माज्या बैलाच्या तोंडावर. बैल दावं तोडून पळाला. गावभर शोधला रं बाबा!" गुरुवारी पुन्हा फिरलं. शुक्रवारी पुन्हा. काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी आसपासच्या गावांत निरोप पाठवला, पार लोधिवलीपर्यंत. पाडव्याला आमच्याकडे या, नदी वर चढताना बघायला. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, आणखी कशाला काय बघायचं? त्यात त्या वर्षी पाडवा रविवारी आला होता. माणसं मोकळी असणार. हेही म्हणाले, उत्तम.

वाचणाऱ्या शहाण्या माणसाच्या एव्हाना लक्षात आलं असेल. आमच्या नाही आलं.

हे शनिवारी नियमाप्रमाणे घरी आले होते. पाडव्याला पहाटेच हे, मामंजी, मी आणि पुरणपोळ्यांचा डबा असे आम्ही पळसदरीहून खोपोलीच्या गाडीनं निघालो आणि पुढे काकांनी पाठवलेल्या बैलगाडीतून शेतावर पोचलो. रविवारचं जेवण दहिवलीला न होता बाहेर होणार होतं, तेवढी सूट मामंजींनी दिली होती. काकांनी काठावर उंच गुढी उभारली होती. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चाकासमोर रांगोळी काढली होती. चाकाला आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या. केवढी माणसं आली होती! बायका, पोरं, म्हातारे, कडुलिंब चावून वाकडी तोंडं केलेले सगळे. हे सोवळ्यात, कपाळाला गंध, आणि हातात पाना. नारळ फोडला. यांनी चाकाची खुंटी काढली.

चाक हललं. एक पातं पाण्यात गेलं, दुसरं अर्धं गेलं, आणि चाक थांबलं.

यांनी हातानं ढकललं. पुन्हा थोडं हललं आणि थांबलं. हे खाली वाकून दांडा बघू लागले, दट्ट्या बघू लागले, तेल घातलं. माझं लक्ष मात्र पाण्याकडे गेलं. शुक्रवारी कमरेएवढं पाणी होतं असं हे सांगत होते. आता नदीतले गोटे उन्हात वाळत पडले होते आणि मधून एक ओहोळ कुणाची वाट न बघता चालला होता.

"अहो," मी म्हटलं, "नदी कुठं गेली?"

काकी रांगोळीपाशी उभ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "आज आयतवार नाय का! आयतवारी पानी कमीच आसतं. मी गोधड्या धुवाया आयतवारच धरते, गोट्यांवर बऱ्या वाळतात."

 मग सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. होय की, आयतवारी आमी पलीकडं चालतच जातो. आयतवारी पोरं मासे धरतात. काका म्हणाले, "आगं, मग बोलली का नाय तू आदी?" काकी म्हणाल्या, "मला काय इचारता? मुर्त तुमीच काडलात ना? तुमी काय दुसऱ्या नदीवर ऱ्हाता?"

यांच्या हातातला पाना खाली आला. "रविवारी गिरण्या बंद," हे हळूच म्हणाले. "गिरण्या बंद म्हणजे वीज नको. वीज नको म्हणजे पाणी कोण सोडणार?" आणि वर माझ्याकडे बघितलं. मला तर हे यांच्याआधी कळायला हवं होतं. मुंबईच्या बिऱ्हाडात रविवारी भोंगा वाजला नाही की मी उशिरा उठायची. गिरण्या बंद असतात हे आम्हाला ठाऊक, नदी आटते हे गावाला ठाऊक, पण दोन्हींची गाठ घालायचं एकालाही सुचलं नव्हतं. आणि हे दर रविवारी दहिवलीला जेवायला असल्यामुळे त्यांनी रविवारची पाताळगंगा कधी पाहिलीच नव्हती.

काकांच्या हाताखालच्या चार गड्यांनी पाण्यात उतरून चाक फिरवून बघितलं. नळातून घोटभर पाणी आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामंजी गुढीच्या सावलीत उभे होते. ते म्हणाले, "चाक माणसांनीच फिरवायचं असेल, तर माणसांनी घागरीच भरून आणाव्या." आवाज चढा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. हे लाल झाले. "बाबा, उद्या..." त्यांनी सुरुवात केली. मामंजी म्हणाले, "पाडवा ठरला होता. पाडवा आज आहे."

आणि मला राग आला. खरं सांगते, इतका राग मला आधी कधी आला नव्हता. सासऱ्यांपुढे मी तोवर वाढू का, आणू का, एवढंच बोललेली. पदर सावरला, पुढे झाले आणि म्हटलं, "मामंजी, आपण इतकी वर्षं शाळा चालवलीत. सुट्टीच्या दिवशी कधी परीक्षा घेतलीत?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. यांनी डोळे मिटून घेतले. मी थांबले नाही. "आज नदीला सुट्टी आहे. ती आज आली नाही यात यांचा काय दोष? उद्या ती कामावर येईल. तोवर थांबा. आणि उद्याही चाक फिरलं नाही, तर सामान मी स्वतः बांधीन, यांना हात लावू देणार नाही."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. पुरणपोळ्यांचा डबा अजून माझ्या हातातच होता. मग त्यांनी काकांकडे मान वळवली. "आज रात्री आमची इथं सोय होईल का?"

"व्हईल की! घर तुमचंच हाय," काका म्हणाले, आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाले की त्यांची गाय हंबरली.

ती दुपार फार छान गेली. लोक नदी बघायला आले होते. नदी नाही तर पुरणपोळी, असं म्हणून बसले. काकींनी गोट्यांवर गोधड्या वाळत घातल्या, मुहूर्त कशाला फुकट घालवायचा म्हणून. मामंजी सगळ्यांच्या मधोमध जेवले, पण कुणाशी बोलले नाहीत. यांच्याकडे तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला मनातून वाटलं, मी उगाच तोंड उघडलं. उद्या चाक फिरलं तरी हे दोघं बापलेक आता कायमचे अबोलच राहणार.

सकाळी उजाडलं तेव्हा मला जाग आली. हे ओसरीवर कालच्या सोवळ्यातच गाढ झोपले होते. मामंजींचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. काठी नव्हती, वहाणा नव्हत्या. काकी चूल पेटवत होत्या. "मास्तर कवाच उठून गेले," त्या म्हणाल्या. "खोपोलीची गाडी धरायची आसंल."

 थांबतो म्हणाले आणि मुलाला जिंकायची संधी न देताच निघून गेले, असं वाटलं. मी यांना उठवलं नाही. उठवून काय सांगायचं? मी तशीच नदीकडे निघाले, निदान पाणी आलंय का ते तरी बघावं म्हणून.

काठावरून खाली बघितलं आणि मी गुढीच्या काठीला धरून उभी राहिले. मामंजी नदीत होते. धोतराचा काचा मारलेला, अंगात नुसती बंडी. चाकापुढच्या रेतीत ते वाकून दोन्ही हातांनी चर काढत होते, वाहणारं पाणी चाकाखाली यावं म्हणून. वाटेतला एकेक गोटा उचलून बाजूला टाकत होते. पात्यात कालची आंब्याची डहाळी अडकली होती ती त्यांनी सोडवली. आणि बोलत होते. कर्जतभर जरब असलेला तो आवाज एखाद्या हट्टी पोरीची समजूत घालावी तसा लागला होता. "चल गं बाई. चल. लवकर ये. पोरगा उठायच्या आत ये."

किती वेळ गेला मला माहीत नाही. आधी गोटे ओले दिसायला लागले. मग ओहोळ रुंद झाला, दोन झाले, त्यांचा एक झाला. पाणी मामंजींच्या पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं. चाक करकरलं. एक पातं गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि माझ्या डोक्यावरच्या नळातून पाण्याची धार काकांच्या कोरड्या शेतात पडली. ढेकळांतून वाफेसारखा मातीचा वास उठला.

मामंजींनी वर बघितलं तेव्हा त्यांना मी दिसले. आता ते ताठ होतील, काचा सोडतील, घसा खाकरतील असं मला वाटलं. त्यांनी तसलं काही केलं नाही. कमरेवर चिखलाचे हात ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, बघताय काय? त्याला हाक मारा! त्या गृहस्थांना मी आजच कळवतो, आमचा मुलगा येत नाही म्हणून."

मला एकदम रडू आलं. या माणसाला आम्ही जायला नको होतो. आम्हाला घालवायचं ठरवून तो इतके दिवस एकटाच धसका घेऊन बसला होता आणि आम्हाला कुणाला ते दिसलं नव्हतं. मी धावत सुटले, काकांच्या अंगणात पोचून यांना गदागदा हलवलं. हे "काय मोडलं?" म्हणत उठले आणि तसेच अनवाणी पळाले.

आम्ही काठावर आलो तेव्हा मामंजी अजून पाण्यातच उभे होते. मुलाला बघताच त्यांनी वरखाली होणाऱ्या दट्ट्याकडे बोट केलं आणि खालून ओरडून विचारलं, "अरे, तुझं काय चाललंय? हा दांडा वर जाताना जरा अडखळतोय का? खाली ये आणि मला नीट समजावून सांग."

हे सोवळ्यासकट पाण्यात उतरले.